पंख्यानं पान उलटलं तेव्हा

आमच्या देवळातल्या पंख्याला दोनच वेग आहेत: बंद आणि वादळ. तो टांगलाय नेमका व्यासपीठावर, म्हणजे वारा सगळा पाळकसाहेबांना आणि घाम सगळा मंडळीला. देऊळ म्हणजे चर्च. आमच्या पिढीचे ख्रिस्ती अजून देऊळच म्हणतात, सुना चर्च म्हणतात. देवाची काही तक्रार आलेली नाही, म्हणून मीही कुणाला सुधारत नाही. या पंख्यानं एका रविवारी जे केलं ते मी आणि पाळकसाहेब अशा दोघांनीच पाहिलं. बाकीची मंडळी तेव्हा डोळे पुसत होती.

आमचं गाव तिसगावच्या पुढं, आत. बाजरी, तूर, आणि आभाळाला दया आलीच तर ज्वारी. दिवाळीचा फराळ संपला की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कोणी राहुरीकडं जातं, कोणी आणखी लांब. मागं उरतात ती म्हातारी माणसं, कुत्री आणि शाळेतले सर. मी त्यातल्या म्हाताऱ्या माणसांत मोडते. मुलगा पुण्याला असतो, रोज व्हिडिओ कॉल करतो आणि माझ्या कपाळाशी बोलतो, कारण मोबाईल कसा धरायचा हे मला अजून जमलेलं नाही.

उभा जन्म मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात घालवला. नव्यानं नोकरीला लागले तेव्हाची मी आठवले, की एकटी बसले असले तरी हसू येतं. तिला मी मनातल्या मनात 'ती बया' म्हणते. बयेच्या साडीला इतकी खळ असायची, की ती बसली की वर्गाला आवाज यायचा. गळ्यात शिट्टी. डोक्यात पक्का समज, की प्रभूनं आपल्याला या मुलखात धाडलंय ते दिवा म्हणून. एसटीतून उतरताना बया शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबायची, गावाला दिवा नीट दिसावा म्हणून. एकदा अशीच थांबली, तर मागून उतरणाऱ्या बाईची वांग्यांची पाटी पाठीत बसली आणि दिवा थेट चिखलात. गावाला तो दिवस अजून आठवतो. मी तिथं काय काय शिकवलं ते कुणाला आठवत नाही.

रविवारी ही बया देवळात मुलांची शब्बाथ शाळा घ्यायची. तिथं तिची शिकवायची पद्धत एकच होती: मोठ्यानं. स्तोत्रं पाठ, वचनं पाठ, आणि ज्याचा आवाज वेशीपर्यंत जाईल ते लेकरू हुशार. पाठांतराच्या चढाओढीत तिच्या पोरांनी ढाल मिळवली, तर ती ढाल बयेनं एसटीत मांडीवर उभी धरून आणली, खिडकीकडं तोंड करून. वाटेतल्या बैलांनीही बघावी अशी तिची इच्छा असावी.

बया गेली, म्हातारी झाली, पण तिची चाल आमच्या मंडळीत मुरली ती मुरलीच. लेकरू देवळात उभं राहून खणखणीत बोललं, की आम्ही म्हणतो, वा, किती शिकलंय! आता त्या पोरीकडं येते.

पोरगी नऊ वर्षांची, चौथीतली. पायात चप्पल कधी नाही आणि तोंडाला विश्रांती कधी नाही. आवाज मात्र असा, की तिनं नुसतं "दूध उतू चाललंय" म्हटलं तरी ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. तिची आजी होती तोवर तिच्या मांडीला टेकून ही देवळात बसायची आणि ऐकून ऐकूनच सगळी स्तोत्रं हिच्या तोंडात बसली. आजी प्रभूकडं गेली. आईबाप दोघंही तोडणीला जाणारे, आणि त्यात घरात एक तान्हं आलं.

पोरीचा बाप माझाच विद्यार्थी. म्हणजे, जेवढा सापडला तेवढा विद्यार्थी. पाऊस ओसरत आला होता तेव्हा एके दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"सलाम, बाई. ह्या वर्साला पोरीला संगं न्यावं म्हनतो."

"आणि शाळा?"

"शाळेत काय करती ती? चौथी आली. परवा म्हनलं, दुकानाची पाटी वाच, तर म्हनती, पप्पा, पाटी लई उंच हाय. आवं, वाचायला काय शिडी लागती व्हय? त्यापक्षा उसाच्या फडावर बारक्याला तरी सांबाळंल."

"एकदा नेलीस की संपलं. तूही असाच गेलास दुसरीतून."

"मंग काय बिघडलं माजं? मला बी तुमीच शिकवत हुत्या की."

"तू होतास कुठं शिकायला? दिवाळीला गायब व्हायचास आणि उन्हाळ्यात उगवायचास. तोवर अक्षरंसुद्धा तुला ओळखायची नाहीत."

तो हसला. हसला की तो अजून दुसरीतलाच दिसतो. मग जरा विचार करून म्हणाला, "एक सांगतो, बाई. हंगामाच्या सनाला देवळात शास्त्रपाठ वाचनार हाय म्हनं ती. चारचौगांत नीट वाचलं, तर ठिवतो तुमच्याकडं, तुमच्या जबाबदारीवर. न्हाई वाचलं, तर बसंल ट्रॅक्टरात."

आणि इथं ती बया जागी झाली. पोरीच्या हातात मी कधी पुस्तक देऊन बघितलं नव्हतं, पण म्हणाले, "वाचेल की! घडाघडा वाचेल! तू बघच."

हंगामाचा सण म्हणजे शेतातलं पहिलं पीक देवाला द्यायचा दिवस. इतर ठिकाणी तो सुगी उरकल्यावर सावकाश करतात. आमच्याकडं दिवाळीआधीच उरकतात, कारण नंतर करायला मंडळीच उरत नाही. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी असं सगळं वेदीपुढं मांडतात, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. त्या दिवशी एका लेकरानं शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायचा, हीही जुनी पद्धत.

मी पोरीला मेंढपाळाचं स्तोत्र नेमून दिलं. दोन दिवसांनी येऊन म्हणाली, "आज्जी, झालं तयार." मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. म्हटलं, वाच. तिनं पुस्तक उघडलं, मी डोळे मिटले आणि ऐकलं. काय तो आवाज! शेंगा तशाच राहिल्या. मी त्या वेळी डोळे मिटायला नको होते, एवढंच म्हणते.

सणाच्या रविवारी देऊळ गच्च भरलं. बापानं कोंबडा आणला होता आणि तो पाय बांधून वेदीपाशी ठेवला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत "हे प्रभो" म्हटलं की कोंबडा आरवायचा. पाळकसाहेब माझ्या मुलाहून लहान. त्यांना हसू आवरेना, आणि प्रार्थना बरीच लवकर आटोपली. मंडळीनं याबद्दल कोंबड्याचे मनातून आभार मानले असणार.

मग पोरगी व्यासपीठावर चढली. पाळकसाहेबांनी जाडजूड पुस्तक उघडून दिलं, पानावर बोट ठेवून दाखवलं आणि मागच्या खुर्चीत बसले. मी बाजूला पेटीवर होते, त्यामुळं मला पान दिसत होतं. पोरीनं सुरुवात केली. मंडळी डोळे पुसू लागली, पोरीचा बाप सगळ्यांत आधी. तेवढ्यात गेलेली वीज आली.

पंख्यानं एक गिरकी घेतली आणि पान उलटलं. एकच नाही, चांगली पाच-सहा पानं फडफडत पलीकडं गेली. पोरगी आता वैऱ्यांना शाप देणाऱ्या एखाद्या स्तोत्रात पोचायला हवी होती. पण तिच्या आवाजात मेंढरं शांतपणे पाणी पीत होती. तिनं पानाकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटच्या ओळीला डोळे वर करून थांबली आणि म्हणाली, "आमेन." साऱ्या देवळानं "आमेन" म्हटलं. मी म्हटलं ते जरा उशिरा.

मी पाळकसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दोघांनीही पंख्याकडं पाहिलं.

बाहेर लिलाव चालू झाला. पोरीच्या बापानं आनंदाच्या भरात स्वतःचाच कोंबडा बोली लावून परत घेतला आणि उभ्या उभ्या पुन्हा देवाला देऊन टाकला. मी पाळकांच्या खोलीत गेले.

"बाई, तुम्ही पाहिलंत ना?"

"पंखा जोरात आहे खरा."

"बाई!"

"पाहिलं हो. तिला एक अक्षर येत नाही."

"मग तिच्या बापाला सांगायला हवं. देवळात झालंय हे."

"सांगा. तुम्ही सांगा. पोरगी दिवाळी होताच ट्रॅक्टरात बसेल. मग त्या रविवारी लेकरांवर छान उपदेश करा, मी पेटी वाजवते."

ते झग्याची घडी घालत बसले. भला माणूस. तेवढ्यात पोरीचा बाप दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"बाई, माज्या घरात आजपतुर कुनी वाचलेलं न्हाई. माज्या आईला लई वाटायचं. आज ती पायजे हुती." मग जरा थांबून, "ठिवतो पोरीला. तुमच्या हवाली."

माझी जीभ केवढी आहे हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. तिथं ती एवढंच म्हणाली, 'बरं.' दिवाळी झाली, ट्रॅक्टर गेला आणि पोरगी कपड्यांची पिशवी घेऊन माझ्या घरी राहायला आली.

पहिल्याच सकाळी चहा-चपाती खाताना विचारलं, "पान उलटलं तेव्हा तू काय केलंस गं?"

"काय न्हाई. उलटू दिलं."

"बये, तुला वाचता येत नाही."

"येतंय की!" पोरगी भडकली. "न बघता येतंय. बघितलं की इसरतं."

एवढं बोलून तिनं चपातीचा घास चहात बुडवला आणि तो तिथंच विरघळेपर्यंत हलवत बसली. तेव्हा मला कळलं, की ते तिला माझ्या आधीपासून माहीत होतं, आणि ती ते एकटीच सांभाळत आली होती.

मी तशीच शाळेत गेले. पूर्वी गावात मिशनची एक शाळा होती, ती बंद पडून माझ्यासारख्यांचे केस पिकले. आता एकच, झेडपीची. दोन खोल्या, चार इयत्ता आणि सर एकटे. सर खिचडीच्या पातेल्याचा फोटो काढून वर पाठवायच्या खटपटीत होते आणि नेटवर्क पातेल्यापर्यंत येत नव्हतं.

"ती? ती तर माझी सगळ्यांत हुशार मुलगी, बाई. सगळ्या कविता येतात."

"वाचून?"

सरांनी मोबाईल खिशात घातला. पातेल्यावर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाले, "ती एकटी नाही, बाई. मी दुसरीला घेतो तेव्हा चौथी ऐकते, चौथीला घेतो तेव्हा पहिली रडते. त्यात दिवाळीनंतर निम्मी जातात. अशीच गेली तर शाळेला कुलूप लागायला वेळ नाही."

पुढल्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची बैठक होती. विषय होता देवळाला नवी फरशी. पांढरी की ठिपक्यांची, यावर लोक तावातावानं बोलत होते. मी उठून शाळेचं सांगितलं. एक वडीलधारे म्हणाले, "बाई, मिशनची शाळा असती तर आपलं काम होतं. ही सरकारची. सरकार बघेल."

मी म्हटलं, "शाळा सरकारची असेल. लेकरं कुणाची? प्रभूनं लेकरांना जवळ घेतलं तेव्हा कुठल्या शाळेत जाता म्हणून विचारलं नव्हतं. पाठांतर येतं का, हेही नाही." मग वर, "ज्याला ज्याला वाचता येतं, त्यानं सकाळी घटकाभर शाळेच्या ओट्यावर यायचं. फरशी पांढरी घ्या. ठिपक्यांत मला पाली दिसतात."

पाळकसाहेब सगळ्यांच्या आधी उठून म्हणाले, मी येतो. त्यांचं काय, ते पंख्यामुळं आधीच अडकले होते. मंडळीतल्या दोघी-तिघी सुनाही तयार झाल्या. आम्ही शाळेच्या ओट्यावर बसायला लागलो. गावातली, सगळ्या घरांतली पोरं यायची. तिसऱ्याच दिवशी समोरच्या आळीतल्या मामी पदर खोचून आल्या. माझ्याच वयाच्या, कडक बाई. त्यांचा नातू माझ्यापुढं बसला होता.

"बाई, राग मानू नका. पन हितं धरमाचं काय शिकवीत न्हाई ना?"

"मामी, नातवाला 'क' शिकवतेय. 'क' अजून कुणी बाटवलेला नाही."

मामींनी तोंडाला पदर लावला. जरा वेळ उभं राहून ऐकलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी नातवासोबत त्याची बहीणही आली, आणि आमच्यासाठी भाजलेल्या शेंगांचा वाडगा.

पोरं वाचायला लागली. कुणी हळू, कुणी त्याहून हळू. आमची पोरगी मात्र अडून बसली. 'कमळ' दाखवलं तर म्हणायची, हे आपल्या गावात कुटं हाय? 'बदक' दाखवलं तर बदकासारखं चालून दाखवायची. सगळी पोरं हसायची आणि तेवढ्यात ती निसटायची. येत नाही हे झाकायला तिनं किती कला जमवल्या होत्या! मला कौतुक वाटायचं आणि रडूही यायचं. रोज प्रार्थनेत म्हणायचे, प्रभो, पाण्यावरून चाललास, आता या 'कमळा'वरून तरी आम्हाला चालव.

एका दुपारी मी दमून म्हटलं, "जाऊ दे कमळ. तुझं स्तोत्रच म्हण. फक्त म्हणताना बोट माझ्याबरोबर फिरव." घरातलं मोठ्या अक्षरांचं पुस्तक काढलं. तिचं बोट माझ्या हातात धरलं. ती म्हणायला लागली, तर आवाज भरल्या एसटीसारखा सुसाट पुढं आणि आमची दोघींची बोटं फाट्यावर उभी. "थांब गं," मी म्हटलं, "बोटाला बसू दे गाडीत." पुन्हा सुरुवात. पुन्हा. एकेका शब्दाला बोट टेकेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा करार झाला. तिला हा छळ वाटायचा. तिचा तो वाहता आवाज तुटक झाला, बारीक झाला.

आणि मग एके दिवशी ती मध्येच थांबली. बोट मागच्या ओळीवर नेलं, पुढच्या ओळीवर आणलं. "आज्जी, ह्यो 'मा' हितं बी हाय आनि तितं बी हाय."

"मग?"

"त्योच हाय?"

"तोच."

"दोन्हीकडं येकच?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू ही गोष्ट मी तिच्यापासून मुद्दाम लपवून ठेवली होती. त्या दुपारी तिनं सगळ्या पुस्तकातले 'मा' धुंडाळले. मग तेलाच्या डब्यावरचे. मग भिंतीवरच्या कॅलेंडरमधले. संध्याकाळी मी देवाचे आभार मानायला डोळे मिटले, तर ही शेजारून म्हणाली, "आज्जी, आमेनमधी बी हाय का?" म्हटलं, नाही गं, तिथं नुसता 'मे' आहे. ती जरा नाराज झाली.

नाताळ जवळ आला तोवर पोरगी शाळेच्या पुस्तकातलं न शिकवलेलं पान वाचू लागली होती. अडखळत, घाम पुसत, ओठ हलवत. मी आणि सर हवेत होतो. हवेत असलेल्या माणसांना खालचं दिसत नाही. हे वाचन तिच्या बापाला कसं दिसेल, याचा विचार आम्हा शिकलेल्यांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

नाताळाला आईबाप तान्ह्याला घेऊन राहुरीकडून आले. उपासना झाली, आणि दुपारी तिघं माझ्याकडं फराळाला आली. थंडी होती, पण दुपारचं ऊन चांगलं चटकत होतं. बापानं स्वेटर काढून कमरेला बांधला होता. करंज्या खाता खाता तो ऐटीत बायकोला म्हणाला, "सनाला तू बारक्याला घिऊन भाईर हुतीस. आता ऐक, पोरगी कशी वाचती. वाच गं."

पोरीनं आनंदानं शाळेचं पुस्तक उघडलं. नवं पान. बोट ठेवलं. "ए… का… गा… वात," असं करत निघाली. एक वाक्य झालं. दुसरं झालं. बाप आधी हसत होता. मग करंजीचा तुकडा त्याच्या हातात राहिला.

"ह्ये काय?" तो म्हणाला. "सनाला घडाघडा वाचत हुती. आता तोतरी झाली व्हय? बाई, काय केलं पोरीचं तुमी?"

पोरीचं बोट जागच्या जागी थांबलं.

मग मी सांगितलं. पंखा, पान, सगळं. सणाला ती वाचत नव्हती, तिला पाठ होतं. आता ती वाचतेय. मला वाटलं होतं, हे सांगितलं की त्याला आनंद होईल. त्याचा चेहरा पडला.

"म्हंजी समद्या मंडळीत मी रडलो त्ये खोट्यावर." तो उठला. "पाळकांना बी ठावं हुतं? आनि तुमी दोगं गप? मला अडाण्याला काय कळतंय, आसंच ना?"

"तसं नाही रे बाबा."

"तसंच हाय. आमच्याकडं बारकं हाय, हिची आय येका हातानं मोळी बांदती आनि येका हातानं त्याला थापटती. म्या कुनाच्या भरोशावर ठिवली पोरगी? आन इतक्या दिसांत शिकली काय, तर अडकायला." तो पोरीकडं न बघता म्हणाला, "भर कापडं. सकाळच्या गाडीनं जायचं."

आईनं तान्ह्याला उराशी ओढलं. तो पाठ फिरवून दाराकडं निघाला.

"ग… रो…" पोरगी म्हणाली.

"बास झालं वाचन."

"द… र. गरोदर." ती थांबत नव्हती. "मा… तां… नी. मातांनी. हिरव्या."

"पुस्तक मिट म्हनलं ना!"

"पा… ले… भा… ज्या. पुस्तक मिटलंय, पप्पा. तुमच्या पाठीवर लिव्हलंय."

तो थबकला. त्याच्या अंगात पिवळा टी-शर्ट होता, आरोग्याच्या कुठल्याशा कार्यक्रमात कुणीतरी वाटलेला. पुढून कोरा. मागून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: गरोदर मातांनी हिरव्या पालेभाज्या खाव्यात.

पहिली हसली ती आई. इतकी, की तान्हं दचकून रडायला लागलं. "आगं बया! आवं, हंगाम लागल्यापासून ह्येच घालून हिंडताय! तरीच तो मुकादम तुमाला इचारायचा, कितवा म्हैना म्हनून!"

"तो उसाचं इचारत न्हवता व्हय?" बाप म्हणाला, आणि स्वतःची पाठ बघायला स्वतःभोवतीच फिरला. एकदा, दोनदा. मग टी-शर्ट काढून मांडीवर पसरला आणि उघड्या अंगानं खालीच बसला. "कुटं लिव्हलंय? दाव."

पोरीनं शेजारी बसून बोट ठेवलं. "ह्ये गरोदर. ह्ये मातांनी."

"तुला कुनी सांगितलं हे?"

"कुनी न्हाई. लिव्हलंयच की."

"बाईंनी सांगितलं आसंल."

"आज्जीला चष्म्याबिगर तुमी बी दिसत न्हाई."

त्यानं टी-शर्ट तिच्याकडं सरकवला. "परत वाच." तिनं वाचलं. 'पालेभाज्या'ला पुन्हा अडली, थांबली, सुटली. या खेपेला तो तिच्या शब्दांकडं बघत नव्हता, तिच्या बोटाकडं बघत होता.

"म्हंजी अडती तवा… हुडकीत आसती व्हय?"

"हो," मी म्हटलं. "हुडकते, आणि सापडतं."

"आनि सनाला?"

"सणाला हुडकायचं काही नव्हतं. ते तुझ्या आईनंच तिला देऊन ठेवलं होतं."

आईनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "बारक्याचं मी बगते. आमच्या पाचटाच्या कोपीशेजारी येक म्हातारी हाय, ती घेती त्याला. पोरीला ऱ्हाऊ द्या." मग नवऱ्याकडं वळून, "आन तुमी आधी कापडं घाला. गरोदर मानसानं उगडं बसू नी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाडीवर घालवायला मी आणि पोरगी तिसगावला गेलो. बापानं टी-शर्ट उलटा करून घातला होता आणि वर स्वेटर, गळ्यापर्यंत बंद. रात्रीत त्याचा माझ्यावरचा राग किती उतरला ते मला कळत नव्हतं. सलाम केला होता, पण बोलला नव्हता. गाडी आली. गर्दी चढली. आई तान्ह्याला घेऊन वर गेली, तिनं खिडकीतून पोरीच्या गालावरून हात फिरवला. बापानं एक पाय पायरीवर ठेवला आणि तसाच थांबला. मान वाकवून गाडीच्या पुढच्या पाटीकडं बघितलं, मग पोरीकडं.

"काय लिव्हलंय गं त्यावर?"

पोरगी गाडीपुढं जाऊन उभी राहिली. आमच्यासाठी ते कायम नगरच, पण पाटी नवी होती आणि नाव नवं, लांबलचक, जोडाक्षराचं. तिनं हवेतच बोट धरलं. "अ… हि…"

"नगर, नगर!" कंडक्टर आतून ओरडला. "चला, चढा वर!"

"ठावं हाय नगर," बाप म्हणाला. पायरीवरचा पाय काही त्यानं हलवला नाही.

कंडक्टरनं घंटी मारायला दोरीला हात घातला. "अवो, चढताय का न्हाई? गाडी न्यायची का हितंच ठिवायची?"

"जरा दम धरा की, सायेब. लिव्हलंय तेवढं वाचू द्या तिला."

खिडक्यांतून माणसं वाकून बघायला लागली. ड्रायव्हरनं काचेतून पोरीकडं पाहिलं आणि हॉर्नवरचा हात काढून घेतला. पोरगी 'ल्या'वर अडली होती. एक बाई आतून सांगायला गेली, तर बापानं तिला हातानं गप्प केलं. मला तर ते नाव ओठांवर आलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला, आणि आम्ही सगळे तिसगावच्या स्टँडवर, गाडीसकट, थांबून राहिलो.